खाजणातला शंकर

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर हमालाने आमचे बांबू टपावर चढवायला नकार दिला, तिथूनच या प्रवासाची सुरुवात झाली. "मास्तर, मांडव कुणाच्या दारात घालताय?" असं त्याने भर स्टँडात विचारलं आणि फलाटावरची सगळी मंडळी आमच्याकडे बघायला लागली. चार लांब बांबू, जाळ्यांची एक पिशवी आणि एका बोचक्यात पुष्कळशा कापडी थैल्या, एवढा आमचा संसार. त्या थैल्या माझ्या जुन्या पायजम्यांच्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांच्या. नाड्यासुद्धा त्याच. जाळ्यात सापडलेला पक्षी मोजमाप होईपर्यंत अशा थैलीत ठेवायचा, अंधारात तो शांत राहतो, असं माझ्या बायकोचं, म्हणजे वासंतीचं म्हणणं. पक्षी शांत राहत असेल, पण आपले पायजमे चारचौघांत मिरवताना माणूस शांत राहत नाही हो!

आपल्या वाचनालयाच्या वार्षिकात मी दरवर्षी प्रवासवर्णन लिहितो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हंपी झालं, वेरूळ झालं, मागच्या खेपेला गोकर्ण. यंदा ग्रंथपालांना सांगितलं, भिवंडी. ते म्हणाले, "भिवंडी? तिथे बघायला काय आहे?" मीही घरी हेच म्हणालो होतो. पण वासंती निघाली होती, शाळेला नाताळची सुट्टी होती, आणि तिच्या बरोबरीच्या बाईंचं ऐन वेळी रद्द झालं होतं. बांबू धरायला कुणीतरी हवं होतं.

वासंती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. थंडीत उत्तरेकडून आपल्याकडे येणाऱ्या लहान गाणाऱ्या पाखरांवर तिचं संशोधन चाललं आहे. त्यांतलं एक पाखरू म्हणजे शंकर. चिमणीएवढा जीव, गळ्यावर निळा पट्टा, म्हणून नाव शंकर. हिमालयापलीकडे, पार सैबेरियाच्या बाजूला त्याची घरटी. आणि हिवाळा काढायला तो आपल्याकडच्या पाणथळ गवतात उतरतो. वासंतीचा प्रश्न एवढाच होता की, हा पुढच्या वर्षी येतो तो इकडे कुठेतरी येतो, की नेमका त्याच गवतात, त्याच झुडपाशी येतो? मागच्या हिवाळ्यात तिने भिवंडीजवळच्या खाडीकाठी काही शंकर पकडून त्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचे बारीक वाळे घातले होते. वाळ्यावर आकडे कोरलेले. त्यांतला एक जरी त्याच जागी परत सापडला, तरी तिच्या कामाचं चीज होणार होतं. आणि सापडायचा तर यंदाच सापडायला हवा होता, कारण पुढच्या वर्षी त्या जमिनीवर मुरमाचा भराव पडून गोदाम उभं राहणार होतं.

"म्हणजे एका पाखरासाठी आपण भिवंडीला जायचं?" मी विचारलं.

"एका वाळेवाल्या पाखरासाठी," ती म्हणाली.

मी हसलो. गाडीत पुण्यापर्यंत तिला तेच चिडवत होतो.

ठाण्याला उतरून आम्ही भिवंडीची गाडी धरली. कशेळीच्या पुलावर ट्रकांची ही रांग! गाडी थांबली ती थांबलीच. खिडकीतून खाली खाडी दिसत होती, चिखलाच्या रंगाची, आणि तिच्या काठाने हिरवं-पिवळं गवत. वासंतीने मान बाहेर काढून ते गवत असं पाहिलं, जसं माहेरवाशीण वेशीवरचं झाड पाहते. पुढे काल्हेर, राहनाळ. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठे भातखाचरं, तर कुठे पत्र्याची नवी गोदामं. मुरमाने भरलेले डंपर मधूनच आत वळत होते. कंडक्टरने आमच्या बांबूंचं वेगळं तिकीट लावायचा आग्रह धरला आणि वासंतीने त्याला कामाचं स्वरूप समजावून सांगितलं. त्याने ते नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे?" ती म्हणाली, "हे माझे मिस्टर. मदतीला आलेत." गाडीतले दोघे-तिघे हसले. निदान मला तरी तसं वाटलं.

आता खरं सांगतो. पंधरा वर्षं मी पोरांना इतिहास शिकवतोय. गल्लीत मला मान आहे. बायकोचे बांबू वाहणारा गडी म्हणून ओळख करून घ्यायला माझी जीभ रेटेना. भिवंडी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना चहावाल्याने विचारलं, "ये बंबू किसलिए, भाईसाब?" मी म्हणालो, "रिसर्च है. पंछी का." तो म्हणाला, "अच्छा! आप साइंटिस्ट हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हां, वैसाही समझो." मग त्याने वासंतीकडे पाहून विचारलं, "और मॅडम?" मी म्हणालो, "हमारे साथ है."

वासंती दोन्ही हातांनी बांबू सावरून उभी होती. तिने चहा संपवला, कप ठेवला, आणि म्हणाली, "चला, साइंटिस्ट."

भिवंडी गाव कानाने आधी कळतं, डोळ्यांनी नंतर. गल्लीगल्लीत यंत्रमाग. खटाक-खटाक-खटाक असा आवाज जमिनीतून पायात शिरतो. दारांतून कापसाचं पिंजण उडत असतं. मराठीत सुरू झालेलं बोलणं हिंदीत संपतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मध्येच लाईट गेली आणि सगळे माग एकदम थांबले. तेव्हा कळलं की इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो.

इब्राहिमचाचांची भेट त्यांच्या लूमवरच झाली. ज्या खाजणात (खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन) वासंतीची जाळी लागायची, ते खाजण त्यांचं. साठीचे गृहस्थ, उंच, लुंगी आणि पांढरी बनियन, भुवयांवर पिंजण बसलेलं. मूळचे इथले कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात. वासंतीला पाहिल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "आली का माजी लेक! अम्मा रोज इचारते, कवा येनार, कवा येनार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् हे..."

वासंतीने तोंड उघडायच्या आत मी पुढे झालो. "नमस्कार. आमचं हे पक्ष्यांचं संशोधन आहे ना, त्या संदर्भात..." तेवढ्यात लाईट आली, माग सुरू झाले आणि माझं पुढचं भाषण त्या खटाकात वाहून गेलं. चाचांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मोठ्यांदा म्हणाले, "या, या! लय बरं झालं, आलात." मला वाटलं, काय छाप पडली!

त्यांचं जुनं कौलारू घर काल्हेरच्या बाजूला, खाजणाला लागूनच होतं. चाचा कामासाठी गावात जात-येत, पण त्यांच्या आई, अम्मा, खाडी सोडून हलायला तयार नव्हत्या. अम्मा ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वासंती वाकली तशी त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न केला, "तुजा शंकर आला का गो?"

"उद्या बघायचं, अम्मा."

"येल. आपलं घर कोन सोरतं?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत हाक दिली की चहा नको, शरबत करा. माझ्यासाठी खुर्ची आली, खुर्चीवर धुतलेली चादर आली. वासंती जमिनीवर बसली होती. मी खुर्चीत ऐसपैस बसलो.

सकाळी उजाडायच्या बेताला आम्ही गवतात जाळं लावलं. दोन बांबू रोवायचे आणि मध्ये जाळं ताणायचं. जाळं इतकं बारीक की चार पावलांवरून दिसत नाही. त्याला आडव्या दोऱ्या असतात आणि दोन दोऱ्यांमध्ये जाळ्याची झोळी लोंबते. पाखरू येऊन धडकतं आणि झोळीत अलगद पडतं. शंकर जमिनीलगत वावरणारा, म्हणून सगळ्यात खालची झोळी त्याची. वासंतीने मला दोन गोष्टी पुन:पुन्हा बजावल्या. एक, जाळं उघडं आहे तोवर माणसाने तिथून हलायचं नाही. दुसरी, हलायचंच असेल तर सगळ्या दोऱ्या एकत्र करून जाळं पिळून गुंडाळायचं, की मग त्यात काही अडकत नाही. कसं गुंडाळायचं ते तिने करूनही दाखवलं. मी "हो, हो" म्हणत खाडीकडे बघत होतो. ते हमालाचं काम, मी कशाला शिकू?

पहिला शंकर सापडला तो मात्र मी जवळून पाहिला. वासंतीने दोन बोटांत मान आणि मुठीत अंग असा त्याला धरला होता. गळ्यावरचा तो निळा रंग! मध्ये तांबूस ठिपका. ती म्हणाली, "हात पुढे करा." आणि क्षणभर माझ्या तळहातावर ठेवला. त्याचं काळीज माझ्या हातावर धडधडत होतं. एवढासा जीव, आणि हिमालय ओलांडून आला! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पायात वाळा नव्हता. तिने नवा घातला आणि सोडून दिला.

बाकी माझे पायजमे बाभळीच्या फांदीला ओळीने लटकत होते. बांधावरून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या. एकीने विचारलं, "ताई, यो कोनाचा लेंगा फारलाव?" वासंतीने निर्विकारपणे माझ्याकडे बोट केलं. त्या दोघी पार दिसेनाशा होईपर्यंत हसत गेल्या.

संध्याकाळी ओसरीवर चाचा आणि शेजारची चार माणसं बसत. मी बोलायला लागलो की सगळे गप्प होत. हे मला फार आवडलं. शाळेत पोरं इतकी गप्प बसत नाहीत. गाडीत वासंतीकडून ऐकलेलं सगळं मी माझं म्हणून सांगितलं. पाखरं ताऱ्यांवरून दिशा ओळखतात, रात्रीची उडतात, निघण्याआधी खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात. "मी असं ठरवलंय," मी म्हणालो, "की यंदा वाळेवाला शंकर मिळवायचाच." चाचा म्हणाले, "हां, हां. बराबर." आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. वासंती तांदळाच्या रोट्या थापायला अम्मांच्या सुनेजवळ बसली होती. झोपताना ती एवढंच म्हणाली, "मी ठरवलंय?" मी पांघरूण ओढून घेतलं.

असे दिवस जात राहिले. शंकर सापडत होते, पण बिनवाळ्याचे. वटवटे सापडले, पिवळे धोबी सापडले, एकदा चक्क एक खंड्या सापडला आणि त्याने वासंतीचं बोट फोडलं. आमच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस आला, तशी ती जेवेनाशी झाली. दर खेपेला जाळ्याकडे जाताना पावलं भरभर पडायची आणि येताना सावकाश.

तो शेवटचा दिवस शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद. दुपारच्या नमाजानंतर चाचांनी आमच्यासाठी खास जेवण ठेवलं होतं. सकाळभर वासंती जाळ्यापाशी होती. ऊन डोक्यावर आलं तसं ती जाळं गुंडाळायला उठली, तेवढ्यात गावातून एकजण स्कूटर दामटत आला. "बाई, आमच्या लूममधी एक पाखरू शिरलंय. पायात वाळा हाय!"

वासंतीचा चेहरा काय सांगू तुम्हाला! चप्पल घालायचंही तिला सुचेना. स्कूटरवर बसता बसता मला म्हणाली, "जाळं लगेच गुंडाळा. विसरू नका हं. आज अमावस्या आहे, लक्षात ठेवा!"

मला हसू आलं. प्राणिशास्त्राची प्राध्यापिका आणि अमावस्या मानते! सासूबाईंचं वळण, दुसरं काय. मी जाळ्यापाशी गेलो. दोऱ्या एकत्र करायला घेतल्या आणि जाळं माझ्या शर्टाच्या बटणात अडकलं. ते सोडवतो तर बाहीच्या बटणात अडकलं. मग घड्याळात. बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. आता मोठा संशोधक स्वत:च्याच जाळ्यात उभा, हे कुणी पाहिलं तर? मी जोराने ओढलं. बटण तुटलं, मी सुटलो. जाळं पुन्हा ताठ उभं राहिलं. येणारा माणूस मला बोलवायलाच आला होता. "चला, चाचा वाट बगतात." जाळं रिकामं होतं. म्हटलं, भर उन्हात कोण मरायला येतंय इथे? दोन घास खाऊन येतो.

माजघरात दस्तरखान अंथरला होता आणि मधोमध एक मोठा थाळ. सगळ्यांनी भोवती बसून त्या एकाच थाळात जेवायचं, अशी त्यांची रीत. मला पहिलं बसवलं. चाचा म्हणाले, "बिस्मिल्ला करा," आणि मी हात घातल्याशिवाय कुणी हात घालेना. तांदळाच्या रोट्या, मटण, चिंबोऱ्यांचा (खेकड्यांचा) रस्सा, निवट्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे) तळलेल्या, वर सांदणं (तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्या). निवट्या पहिल्यांदा पाहून मी जरा बिचकलो, पण एक खाल्ली आणि मग मोजणं सोडलं.

मी जेवत होतो आणि बोलत होतो. सगळे ऐकत होते. पोट भरलं तरी मी बसूनच राहिलो, कारण यजमान उठल्याशिवाय पाहुण्याने उठणं बरं दिसत नाही, हे आमच्याकडचं वळण. चाचाही उठेनात. सगळ्यांचे हात वाळले. कुणीतरी पुन्हा थोडं वाढलं, मी पुन्हा थोडं खाल्लं. एकदा मनात आलं, जाळं! पण मी नेमका सैबेरियात होतो, आणि समोर इतकी माणसं कान देऊन बसली होती. म्हटलं, एवढं संपवतो.

शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी उठलो. मी उठताच सगळे एकदम उठले. चाचा अंगणात हात धुवायला गेले आणि तांब्या हातात धरूनच थांबले. खाजणाकडे बघत म्हणाले, "उधान जोरात चरलंय. अवसंची भरती." मग अगदी सहज मला विचारलं, "जाळं वर घेतलाव ना?"

आमची कृष्णा पावसाळ्याशिवाय काठ सोडत नाही. अमावस्येला भर दुपारी समुद्राचं पाणी काठावरून शेतात चढतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी धावलो. मागून चाचा धावले, जेवणारे धावले. सकाळी जिथे वासंती मांडी घालून बसली होती, तिथे गुडघाभर पाणी. जाळ्याची वरची झोळी वाऱ्यावर हलत होती, तिच्यात दोन मुनिया चिवचिवत होत्या. खालची झोळी पाण्यात होती.

मी पाण्यात हात घातला. हाताला ओलं काहीतरी लागलं. वर काढलं. निळा गळा काळपट पडला होता. आणि पायात वाळा होता. जुना, घासून मळकट झालेला.

"कबूतर होतं हो! कुणाच्या तरी उडवायच्या कबूतराचा वाळा!" वासंतीचा आवाज बांधावरून आला. ती हसत होती, पदर खोचून चिखलातून येत होती. "गेले ते गेले, वर त्या कबूतरवाल्याने मला..." मग तिने पाणी पाहिलं. मग माझा हात.

तिने पाखरू माझ्याकडून घेतलं. पदराने पुसलं. वाळा उलटा करून आकडे वाचले. "मागच्या वर्षीचा," ती म्हणाली. "इथलाच. याच झुडपातला." नंतर खाली बसून पंखाची लांबी मोजली, काट्यावर वजन केलं.  नाक वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

चाचांनी टोपी काढून हातात घेतली होती. "कसं काय झालं ग, बेटी?"

सगळे माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. माझ्या शर्टाला बटण नव्हतं, अंगावर जाळ्याचे धागे होते, आणि पोटात त्या निवट्या होत्या.

"जाळं माझं, चाचा," वासंती म्हणाली. "जाळं ज्याचं, जबाबदारी त्याची. माझी चूक." आणि तिने पाखरू माझ्या पायजम्याच्या थैलीत घालून नाडी ओढली.

मी गप्प उभा राहिलो. लाज वाटते हे लिहिताना, पण उभा राहिलो. जिथे बोलायचं नव्हतं तिथे मी आठवडाभर बोलत होतो, आणि जिथे एक वाक्य बोलायचं होतं तिथे माझी दातखीळ बसली. मुनिया सोडवायच्या राहिल्या होत्या, त्यासुद्धा तिनेच सोडवल्या.

संध्याकाळी ओसरीवर कुणी आलं नाही. अम्मांना कळलं तेव्हा त्या नुसत्या "अल्ला" म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ हलवत राहिल्या. वासंतीने जाळी धुऊन वाळत टाकली. भांडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी निघताना बांबू बाहेर काढले, रिक्षा दारात आली, आणि मला ते सहन होईना. मी अम्मांच्या आणि चाचांच्या पुढे उभा राहिलो. "चाचा, वासंतीची चूक नव्हती. जाळं मी उघडं टाकलं. आणि मी काही शास्त्रज्ञ वगैरे नाही. सगळं संशोधन तिचं आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मला वाटलं, आता माणसं मागे सरतील. चाचा गोंधळून अम्मांकडे बघायला लागले.

"ते आमाला म्हाईत हाय ना," ते म्हणाले. "मागच्या सालाला लेक इथं म्हयना राह्यली. तवाच सांगलं व्हतं तिनं, घरवाले मास्तर हायत."

"मग इतकं... खुर्ची, शरबत, जेवणाचा थाट? इतके दिवस माझं ऐकून घेतलंत?"

"तुमी जवाई!" चाचा म्हणाले. जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं होतं. "अम्मानं लेक मानली, मंग तुमी जवाई. पयल्यांदा घरी आले. जवाईला कोन गप बस बोलतं?"

अम्मा पुढे झाल्या. त्यांनी माझ्या तुटलेल्या बटणाच्या जागी बोट लावलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी तो सुखाने झेलला असता. "जवाई उठल्याबगर थालावरशी कोनी उठत न्हाय, बाबा. आमची रीत हाय ती. तुमी उठला असता, तं सगले उठले असते." मग म्हणाल्या, "आमच्याच जेवनापायी गेला तो. तिचा शंकर."

माझ्या चुकीची लाज त्या म्हातारीला वाटत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी रिक्षात जाऊन बसलो. वासंती अम्मांच्या गळ्यात पडून बराच वेळ उभी होती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, थैली मांडीवर. कशेळीच्या पुलावर पुन्हा गाडी अडकली, पुन्हा ते गवत दिसलं. एक डंपर मुरूम घेऊन काल्हेरच्या बाजूला जात होता.  घाट चढल्यावर तीच म्हणाली, माझ्याकडे न बघता, "वजन चांगलं भरलं होतं त्याचं. खाऊन-पिऊन सुखात होता."

 मला नुसतं आठवत होतं, पहिल्या दिवशी तळहातावर धडधडलेलं ते काळीज. आणि माझ्याच हाताला लागलेलं ते गार, ओलं.

सांगलीत पोचलो त्या संध्याकाळीच ग्रंथपाल चौकशीला आले. जेवण उरकत आलं होतं. मी ताटावर होतो, वासंती समोर होती. "काय मास्तर, सापडला का वाळेवाला पक्षी?"

"सापडला," मी म्हणालो.

"त्याच जागी?"

"त्याच जागी."

"अरे वा! मग झालं की काम! वहिनी, अभिनंदन!"

वासंती मान हलवून हसली. काम झालं होतंच. पाखरू त्याच झुडपाशी परत येतं, हे तिने दाखवून दिलं होतं. मेलेल्या पाखराच्या पायातला वाळासुद्धा तेवढंच सांगतो. मी ग्रंथपालांना सगळी हकिगत सांगितली, जशी तुम्हाला सांगितली तशी. डोंगर आणि देश ओलांडून तो आपल्या जागेवर आला होता, आणि मला एक दुपार माझ्या जागेवर थांबता आलं नाही. ते ऐकून ग्रंथपाल "बरं, बरं, येतो मग," म्हणत चप्पल घालून निघून गेले.

मी बसूनच राहिलो. आमटी गार झाली, हात वाळला. अंगणात तिने सगळ्या थैल्या धुऊन दोरीवर टाकल्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांच्या. त्यांत एक कमी होती, ती कोनाड्यात ठेवली होती, नाडी ओढलेली. समोर वासंतीचंही ताट केव्हाचं रिकामं होतं, पण ती तशीच बसली होती. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल, म्हणून मी थांबलो होतो.

"उठा आता, जावईबापू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही उठल्याशिवाय मला उठता येत नाही."